मनेमद्दु सरांचं उरलेलं वाक्य

आमचे मनेमद्दु सर बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायचे. प्रेमानं नव्हे. माणूस वाक्याच्या मध्यात उठून जाऊ नये म्हणून. "मराठीत क्रियापद शेवटी, कन्नडात पण शेवटीच. मग अर्ध्यातनं कुठं निघालात? पुढं ऐका की!" म्हणत ते पकड आवळायचे.

धारवाडच्या ज्या कॉलेजात मी इतिहास शिकवायचो, तिथं ते जीवरसायन शिकवायचे. हुबळीहून आम्ही एकाच बसनं जायचो, त्यामुळे माझं मनगट रोजच त्यांच्या ताब्यात असे. त्यांचा विषय डायनॉर्फिन. मेंदूत आणि मज्जारज्जूत अफूच्या जातीची काही द्रव्यं शरीर स्वतःच तयार करतं, त्यांतलं हे एक. मुलांना समजावं म्हणून सर त्याला मनेमद्दु म्हणत. कन्नडात घरगुती औषधाला म्हणतात तेच. वाक्य ठरलेलं होतं : "मेंदूतच मनेमद्दु असतं, पण जास्त झालं तर तेच पेशी मारतं." स्वल्पविरामापाशी मुलं खूश व्हायची. पुढचं ऐकायला फार कमी जण उरायचे.

उंदराच्या चेतापेशी काचेच्या बशीत वाढवून सर त्यांवर डायनॉर्फिन घालत. पेशी मरत. अफूचं काम थांबवणारं औषध आधी घातलं तरी मरतच. ग्लुटामेट नावाचं दुसरं द्रव्य पेशीला जिथं चिकटतं ते ग्राही बंद केले, की मात्र पुष्कळशा वाचत. "घरचाच माणूस, पण शिरतो शेजारच्या दारानं," सर सांगत. "ग्लुटामेटचं दार उघडं राहिलं की कॅल्शियम आत लोटतं आणि पेशीचा निकाल लागतो. आपण पहारा ठेवलाय तो अफूच्या दारावर!" हा शोध बाहेरच्या लोकांचा, आपण नुसता पडताळून बघतोय, हेही ते न विचारता सांगत. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत मात्र शोध त्यांचाच होता.

एकदा कमरीपेठेतल्या एका मंडळानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. सर हौसेनं प्रोजेक्टर घेऊन गेले. पाहतात तो टेबलावर आल्याचा काढा, ओव्याच्या पुड्या आणि मागं 'मनेमद्दुतज्ज्ञ' असा फलक. सरांनी तरीही मरणाऱ्या पेशींची चित्रं शेवटपर्यंत दाखवली. आभार मानणारे गृहस्थ म्हणाले, "घरगुती औषधांचं महत्त्व सरांनी फार छान पटवून दिलं." आम्ही पोट धरून हसलो, आणि नाव कायमचं चिकटलं. सर हसले नाहीत. "पुढचं कुणी ऐकलंच नाही हो," एवढंच म्हणाले.

पुढं सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, कोप्पीकर रोडवर स्कूटरवरून पडल्या. मणक्याला मार बसला, पाय गेले. गेलेल्या पायांत आग मात्र दिवसभर असायची. हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडजवळच्या त्यांच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण सरांचंच वाक्य सरांना ऐकवायचा. प्राचार्य तर फळांची करंडी आणि छायाचित्रकार घेऊन आले.

"अक्का, मन आनंदी ठेवा. सरच सांगतात की, आत मनेमद्दु आहे. ते वाढवायचं बघा."

सरांनी प्राचार्यांचं मनगट धरलं. "मार लागल्यावर मज्जारज्जूत ते आपोआप वाढतं, प्राण्यांत दिसलंय. हिच्या आत काय चाललंय मला ठाऊक नाही. पण वाढवा तेवढं म्हणू नका. पुढं ऐका की..."

"हौद्री, हौद्री," असं कन्नडात हो-हो म्हणत प्राचार्यांनी दुसऱ्या हातानं फोन काढला.

ते गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "मी ऐकलंय तुमचं सगळं. आता सोडा त्यांना." सरांचा तळहात अजून मिटलेलाच होता. त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला, की निदान आपल्या कॉलेजात तरी कुणी ते वाक्य अर्ध्यावर तोडू नये. म्हणून ते निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेत जात राहिले. प्राचार्यांनी ती जागा 'आनंद केंद्रा'साठी मागितली. "मरणाचा विषय हो तुमचा, सर. पालकांना आनंद पाहिजे." सरांच्या बशा एका खोक्यात भरून जिन्याखाली गेल्या. सर त्याच वर्षी हृदयविकारानं गेले.

आनंद केंद्राच्या उद्घाटनाला वहिनींना बोलावलं. व्यासपीठाला उतार नव्हता. चार प्राध्यापकांनी त्यांची चाकाची खुर्ची उचलून वर नेली, तेव्हा टाळ्या पडल्या. वहिनींनी दोरी ओढली. पडद्यामागं संगमरवरावर सोनेरी अक्षरं होती : 'मेंदूतच मनेमद्दु असतं.' खाली सरांचं नाव.

प्राचार्य गुच्छ द्यायला वाकले. वहिनींनी त्यांचं मनगट धरलं.

"पुढचं कुठाय?"

"अक्का, दगडावर जागा कमी पडली."

"मग मी सांगते. पुढं ऐका की..."

प्राचार्यांनी मोकळ्या हातानं खूण केली आणि सनई लागली. वहिनींचे ओठ हलत राहिले. पहिल्या रांगेत बसूनही मला एकही शब्द ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता. खाली छापलं होतं : 'प्राचार्यांचा हात प्रेमानं हाती घेताना सरांच्या पत्नी.'