काहिलीत शिजलेला तंबू

तमाम वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते, की माझ्या थोरल्या साडूंइतके दुसऱ्यांचे कापड जाळलेला माणूस कोल्हापुरात आजवर झाला नाही. पडदे, चादरी, मंडपाच्या झालरी, माझा लग्नातला सदरा, सगळ्यांना त्यांनी काडी लावली. आणि तरीही रात्री मला शांत झोप लागते ती त्यांच्यामुळेच, हेही वाचकांनी तितक्याच गांभीर्याने ध्यानात घ्यावे.

साडूंचा धंदाच तसा होता. मुंबईच्या एका गिरणीत ते कापडाला आग न धरण्याची विद्या शिकले आणि शिरोली एमआयडीसीत पत्र्याची शेड घेऊन बसले. टॉकीजचे पडदे, नाटकाचे पडदे, फौंड्रीतल्या कामगारांचे एप्रन असलं काहीबाही ते टाकणखार आणि बोरिक पावडरीच्या गरम पाण्यात बुचकळायचे, वाळवायचे, मग एक पट्टी कापून तारेला टांगायचे आणि खालून काडी लावायचे. "काडी काढली की ज्योत मेली पाहिजे," ते म्हणायचे. "तिनं मागं वळूनसुद्धा बघता कामा नये." इथवर ठीक होतं. पण शेडला कुलूप लागलं तरी खिशातली कात्री आणि काडेपेटी जागीच असायची. आमच्याकडे दिवाळीला आले की फराळाआधी पडद्याकडे वळायचे आणि आमची सौभाग्यवती ताट तिथेच ठेवून धावायची, "दाजी, नवे आहेत हो, मागचे जाळलेत ते पुरेत!" पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि साडू अंतरपाटाचं टोक बोटांत चुरगाळून बघतायत. मुलीचा मामा शेवटी ओरडला, "पावणं, अक्षता पडू द्यात, मग काय पेटवायचं ते पेटवा!" आमच्या पेठेतला मिसळवाला तर त्यांना लांबून बघूनच फॅमिली रूमचा पडदा काढून गल्ल्याखाली ठेवायचा. "कट पायजे तेवढा घ्या, पण माझ्या पडद्याला हात लावू नगासा," असा त्यांचा करार होता.

माझा तेव्हा तंबू टॉकीजचा धंदा होता. जत्रा तिथे आम्ही. तंबूला आग न लागण्याचं औषध अर्थातच साडूंनी पाजलेलं. त्या वर्षी नेसरीच्या जत्रेला निघण्याआधी आमच्या मुरगूडच्या मॅनेजरला मालकावरच्या प्रेमाचं भरतं आलं आणि त्याने तो धुळकट तंबू नदीवर नेऊन साबण लावून धुतला. "मालक, कसा बगळ्यावानी झालाय बघा!" मी खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. साबणाबरोबर औषधही नदीला मिळालंय हे आम्हा दोघांच्याही गावी नव्हतं.

नेसरीत तंबू उभा राहिला. लोक बैलगाड्या जुंपून आलेले, बायाबापड्या दारात खोळंबलेल्या, आणि एसटीतून साडू उतरले. लोक पाहुण्यांकडे जाताना पेढे नेतात, साडू टाकणखाराचं पोतं नेत. खाली ठेवलं आणि पहिला हात तंबूला. पट्टी कापली, काडी लावली, काडी काढली. ज्योत सरसर वर चढून त्यांच्या बोटांपर्यंत आली. साडूंचा चेहरा तंबूपेक्षा पांढरा झाला.

"धुतलात?"

"आजचा एक खेळ होऊ द्या की साडू! माणसं बघा किती आलीत!"

"तीच बघतोय," ते म्हणाले, आणि आपला टोपीधारी सव्वापाच फुटी देह त्यांनी दारात आडवा टाकला. "जाऊ द्या त्यांना आत. माझ्यावरनं पाय देऊन जाऊ द्या."

माझं सगळं घर त्या तंबूवर चालायचं. त्या क्षणी मला त्यांच्याच टोपीला काडी लावावीशी वाटली. पण खेळ बंद झाला. लोकांनी मला ज्या शिव्या दिल्या त्यातल्या काही मला नवीन होत्या. साडू मात्र शेजारच्या गुऱ्हाळवाल्यापुढे उभे होते, "काहील द्या." गूळ ज्या कढईत शिजतो तिच्यात तंबू शिजवायचा म्हटल्यावर त्याला हसावं की रडावं कळेना. "तंबूचा गूळ पाडताय व्हय?" असं म्हणत त्याने काहील दिली, वर चुलाण्यात जाळही घातला. टाकणखाराचं पोतं काहिलीत रिकामं झालं, उतरवलेल्या तंबूची दोन टोकं गावकऱ्यांनी धरली, दोन आम्ही. दुसऱ्या दिवशी तंबू वाळला तेव्हा त्याला गुळाचा घमघमाट आणि मुंग्यांची रांग होती. साडूंनी चारी बाजूंच्या पट्ट्या जाळून बघितल्या आणि मगच तंबू पुन्हा उभारू दिला.

संध्याकाळचा खेळ भरगच्च. पडद्यावरची नायिका दुःखाने विहिरीच्या काठावर येऊन उभी राहिली, बाया पदराला डोळे पुसायला लागल्या, आणि जत्रेतला दारूकामाचा एक बाण आमच्या डोक्यावर, तंबूच्या मधोमध पडला. कापड लाल झालं. ऑपरेटरने घाबरून मशीन बंद केलं, दिवे लावले. साडू बादली घेऊन धावले.

वर ताटाएवढं भोक पडलं होतं. कडा काळ्या, आणि बास. ज्योत मेली होती.

साडू गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. कुठल्याही मंडपात बसलो की मी आधी वर बघतो, आणि त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले हे आठवतं. त्या संध्याकाळी भरलेली बादली हातात धरून ते त्या भोकाखाली उभे होते, मांडी घालून बसलेल्या शेकडो माणसांकडे बघत, आणि त्यांची हनुवटी थरथरत होती. मी त्यांचा हात धरायला गेलो, तोच पुढच्या रांगेतली एक म्हातारी खेकसली,

"आरं ए, भोक काय बघत बसलायसा? मशीन लावा की! ती पोरगी कवापास्नं हिरीच्या काठावर उभी हाय!"