उंदरांना घातलेली शिकरण

आधीच हसायला लागू नका हं! पीएचडी करताना मी स्वतःला उंदरांचा रोग लावून घेतला होता. म्हणजे, तशी माझी पक्की खात्री झाली होती.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जळगावच्या कॉलेजात मी पांढऱ्या उंदरांना त्यांच्या हिवतापाचे जंतू टोचून किडन्या कशा बिघडतात ते बघत होतो. अर्धे उंदीर आजारी, अर्धे तुलनेसाठी धडधाकट. पिंजऱ्याखालच्या ट्रेमधली लघवी परीक्षानळीत उकळायची, ॲसिडचा थेंब टाकायचा. पांढरा साका आला की समजायचं, किडनी बिघडली. सोपं काम. पण सोपं काम मला कधी जमलंय?

एका सकाळी धडधाकट उंदरांची लघवीही पांढरी! दुसऱ्या दिवशी तेच. माझं धाबं दणाणलं. निरोगी उंदीरच आजारी पडले, तर तुलना कोणाशी करणार? सगळी मेहनत मातीत, आणि घरी वडिलांना काय तोंड दाखवणार?

बरं, जंतू या पिंजऱ्यातून त्या पिंजऱ्यात गेला, तर माझ्यात का येणार नाही? कंबर तर कालपासून दुखतच होती. टेबलावरचा बीकर उचलला, जाऊन आलो आणि स्वतःचीच तपासली. पांढरीफटक!

सावद्याला घरी निरोप धाडला, आई रडत आली. धुळ्याला गाईडसरांना फोन करून सांगितलं, प्रयोग गेला, आता मीही चाललो. सर पहिल्या एसटीने आले.

सर तसे शांत. चिडले की मात्र अहिराणीत उतरायचे. त्यांनी ट्रे नाकाजवळ नेला.

"याला वेलचीचा वास कसा?"

आता सांगणं भाग होतं. आम्ही सावद्याचे, घरी केळीच केळी. रोज कोरडं खाणारी ती मुकी जनावरं मला बघवेनात, म्हणून नुकतीच त्यांना शिकरण घालायला लागलो होतो. आजारी बिचारे तोंड लावत नसत. धडधाकट मात्र ताव मारत आणि निम्मं दूध खाली ट्रेमध्ये सांडत.

"आणि कालवतोस कशात?"

मी बीकर दाखवला. तोच, न धुतलेला.

सरांनी तो स्वतः घासून धुतला, माझ्या हातात दिला आणि दाराकडे बोट केलं. जाऊन आलो. उकळलं. एकदम स्वच्छ! आईने तिथेच देवाला हात जोडले. सर म्हणाले, "भाऊ, धडधाकट उंदीर बठ्ठा धडधाकटच शेतस. तुनं डोकं तेवढं तपासी ले."

शिकरणीच्या दिवसांचे आकडे फेकले, प्रयोग वाचला. पुढे तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या साहेबांनी विचारलं, उंदरांचा हा हिवताप माणसाला होतो का? होत नाही, हे मीच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ठासून लिहिलं होतं. तेच सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून सर बोलले.

"एकाला झाला होता, साहेब. बीकर धुतल्यावर उतरला."