आधी मला सांगा

घरात सगळे माझ्याशी गोड बोलायला लागले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हसवडच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान. बायकांचे हात भरण्यात माझी तीस वर्षं गेली, पण नवऱ्याने स्वतः उठून मला पाणी दिल्याचं आठवत नाही. आता ते ग्लास हातात आणून देत होते! माझ्या दुखऱ्या पोटाचा स्कॅन झाला होता आणि डॉक्टरांनी नवऱ्याला नि दिरालाच आत बोलावलं होतं. बाहेर येऊन दोघं मला म्हणाले, "ॲसिडिटी हाय." मी कपाटात ठेवलेली स्कॅनची फाइल काढून तिचा फोटो पुण्याच्या लेकीला पाठवला. तिने रडत रडत सांगितलं, स्वादुपिंडावर गाठ आहे.

पुढच्या तपासणीला सांगलीला गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, वरून केलेल्या सोनोग्राफीत गॅसमुळे गाठ नीट दिसत नाही. टोकाला सोनोग्राफीचं यंत्र असलेली नळी तोंडातून जठरात घालायची, आतून बघायचं आणि सुईने गाठीचा नमुना घ्यायचा. हे मला पटलं. मीही लांबून बघून बांगडीचं माप सांगत नाही, हात दाबून बघते.

"रात्रीपासून पाणीसुद्धा नाही, जमेल ना?" नर्सने विचारलं. जन्मभर रोजे धरलेल्या बाईला हा प्रश्न! मग म्हणाली, बांगड्या फोडाव्या लागतील. मी अंगठा मुडपून एकेक काढली. एकही फुटली नाही.

संमतीचा कागद नवऱ्यापुढे गेला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी पेन ओढून घेतलं.

"पोट माझं हाय, सही मीच करणार. आन् रिपोर्ट आधी मला सांगायचा."

"अगं, तुला सोसायचं न्हाई," नवरा म्हणाले.

"आवं, मग तुमाला सोसंल व्हय?"

डॉक्टर हसले नाहीत. मान हलवून म्हणाले, "तुम्हालाच सांगीन." मला भीती वाटत होती, सही वाकडीतिकडी आली. पण ती माझी होती.

आठवड्याने रिपोर्टसाठी गेलो. नर्सने सवयीने नातेवाइकांना हाक मारली. नवरा नि दीर, दोघं उठले.

"बसा खाली," मी म्हटलं आणि एकटीच आत गेले. कॅन्सरच होता. पसरलेला नव्हता, ऑपरेशन करता येणार होतं. मनात होतं नव्हतं ते सगळं विचारून घेतलं.

बाहेर आले आणि जसं ऐकलं तसं सांगितलं, काही लपवलं नाही. नवरा बाकावर मटकन बसले, लहान मुलासारखे रडायला लागले. मी बाटलीचं झाकण काढून त्यांना पाणी दिलं.