गिरदावरसाहेबांचे भाजके आलू

परमेश्वरानं बटाटा निर्माण केला तो केवळ आमच्या शेजारच्या गिरदावरसाहेबांची सोय व्हावी म्हणून, असं माझं आजही ठाम मत आहे. बाकीच्या दुनियेनं तो रश्शात बुडवून खाल्ला, हा निव्वळ अतिक्रमणाचा प्रकार! गिरदावर म्हणजे निजामाच्या महसूल खात्यातला, गावोगाव घोडीवरून फिरून पिकं आणि बांध तपासणारा अधिकारी. आळंदला नव्यानं सुरू झालेल्या मराठी शाळेत मी मास्तर म्हणून आलो, तोवर निजामाचं राज्य गेलं होतं, साहेबांची नोकरी संपली होती, घोडीही विकली गेली होती. उरला होता फक्त रुबाब, आणि तो सगळाच्या सगळा बटाट्यांवर खर्च होत होता.

बाजारच्या दिवशी हैदराबादेकडून लॉरीनं बटाट्याची पोती आली की साहेब डोक्याला रुमाल गुंडाळून, जोडे करकरवीत निघायचे. पोत्यासमोर उकिडवे बसून एकेक बटाटा उजेडात धरायचे, उलटापालटा करायचे, नखानं साल खरवडायचे, आणि 'अव्वल', 'दुय्यम', 'गायरान' अशी प्रत लावून बाजूला ठेवायचे. विकणारी बाई एकदा वैतागून म्हणाली, "सायेब, बटाटं घ्यायलाव का सोयरीक जमवायलाव?" साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "सोयरीक मोडता येतेय बाई. बटाटा एकदा चिरला की चिरला!"

आणि ते भाजणं! काय सांगू तुम्हाला! अंगणात तीन दगडांची चूल. तुरीच्या वाळक्या तुराट्यांनी पेटवायची आणि गोवरीनं चालवायची, कारण तुराटी म्हणजे उतावळी सून आणि गोवरी म्हणजे धिमी सासू, हे साहेबांचं शास्त्र. बटाटे आधी मिठाच्या पाण्यात अर्धेकच्चे उकडायचे, पाणी ओतून टाकायचं, आणि भांड्यावर झाकण दाबून ते असं खळाखळा हलवायचं की बटाट्यांच्या कडा खरबरीत व्हाव्यात. "गुळगुळीत बटाट्याला तेल धरत न्हाई मास्तर. गुळगुळीत मानसाला जशी अक्कल धरत न्हाई तसं!" असं ते माझ्या नव्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघून म्हणायचे. मग लोखंडी कढईत करडईचं तेल कडकडीत तापवून त्यात एकेक बटाटा ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा! दोन बटाट्यांत बोटभर अंतर हवंच. एकाला दुसऱ्याचा धक्का लागला की वाफ धरते, साल मऊ पडते आणि, साहेबांच्या भाषेत, "बांधाचा तंटा" उभा राहतो. वर जाड लोखंडी झाकण, झाकणावर निखारे. साली न काढलेल्या लसणाच्या पाकळ्या मध्येच, आणि भाजून कुटलेली कारळं, लाल तिखट अगदी शेवटी. ही विद्या ते दौऱ्यावर एका तहसीलदाराच्या बावर्च्याकडून शिकले होते. त्यामुळे बैलाशी कानडीत, माणसांशी मराठीत बोलणारे साहेब बटाट्याशी मात्र उर्दूतच बोलायचे. कढईजवळ कान नेऊन ऐकायचे आणि झाकणाला म्हणायचे, "ठैरो मियाँ, जल्दी नक्को करो!" आतला चर्रर्र आवाज थांबून बारीक कुरकुर सुरू झाली की कढई उतरायची. कडक ज्वारीच्या भाकरीशेजारी ते तांबूस, कुरकुरीत, आतून लोण्यासारखे बटाटे पानात पडले की आमटीकडे कोण बघतो?

असा हा माणूस एका सकाळी माझ्या दारात उभा. डोक्याला रुमाल नाही. हातात एक कार्ड.

"मास्तर, तम्माचं पत्र आलंय," ते म्हणाले.

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, उमरग्याला राहणारा. सहा वर्षांपूर्वी कोहिनूर गावच्या वडिलार्जित शेताची वाटणी झाली तेव्हा साहेबांनी स्वतः साखळी धरून मोजणी केली. मोजणी सुताइतकी खरी होती; फक्त त्या सुतानं विहीर साहेबांकडे आली. धाकटा म्हणाला, "मोजनी खरी हाय अण्णा. पन भावाला भाऊ मोजतो व्हय?" आणि गेला. त्यानंतर त्यानं थोरल्याच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. आता मुलीचं लग्न ठरलं, थोरल्या भावाला अक्षत हातानंच द्यावी लागते, म्हणून तो येत होता. जेवून जाईन, असं त्यानं आपणहून लिहिलं होतं!

"मग आनंद आहे की साहेब!"

"खालची ओळ वाचा."

दोघे भाऊ शिकले उर्दू शाळेत. बोलायचे मराठी, पण लिहायला हात वळायचा तो उर्दू लिपीतच. मी अडखळलो, तशी साहेबांनीच वाचून दाखवली: 'मला आलू चालत न्हाई. करू ने.'

"सहा वर्सांनी यायलाय," साहेब म्हणाले, "आन् माझ्या हातचं तेवढंच नको म्हनायलाय. कामून? मारायचंच व्हतं तर काठीनं मारायचं की!"

त्या दिवशी अंगणातली चूल पेटली नाही. अव्वल प्रतीचे बटाटे टोपलीतच राहिले. सोमवार उजाडला. आज दीर जेवणार, तर पानात काहीतरी खास हवं, म्हणून साहेबांच्या पत्नीनं, आमच्या अक्कांनी, न्हाणीमागचा हिरवागार अळू कापला. डाळ-दाणे घालून, चिंचगूळ घालून अशी काही पातळ भाजी केली की वास माझ्या खोलीपर्यंत आला. मला पंगतीला मुद्दाम बोलावलं होतं. पंच म्हणून, असं साहेब म्हणाले.

सकाळच्या मोटारीनं धाकटे आले. हुबेहूब थोरल्यासारखे, फक्त एक माप लहान. पाय धुतले, कपाळाला विभूती लावली, अक्षत दिली, पाटावर बसले. दोघे एकमेकांकडे सोडून सगळीकडे बघत होते. अक्कांनी वाटी पानात ठेवली. धाकट्यांनी वाटीत बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं आत पाल पडली!

"अण्णा," ते पाटावरून अर्धे उठले, "लिवून कळवलं व्हतं मी."

"मग! लिवलंस म्हनूनच केलं न्हाई!"

"केलं न्हाई? मग ह्ये वाटीत काय हाय?"

"अळू!"

"त्येच तर लिवलं व्हतं, अळू चालत न्हाई म्हनून! घसा धरतोय माझा ल्हानपणापास्नं. ठावं हाय तुला!"

साहेब धावले आणि कोनाड्यातलं कार्ड घेऊन आले. उर्दूत 'ळ' हे अक्षरच नाही. अळू लिहायचा म्हटलं तरी 'ल'नंच लिहावा लागतो. आणि 'अ'चा 'आ' करायला अलिफच्या डोक्यावर एक आडवी रेघ द्यायची असते. धाकट्यांनी ती दिली नव्हती. द्यायची नव्हतीच! थोरल्यांनी ती आपल्या मनातून काढून त्या अलिफवर ठेवली होती. सहा वर्षं मनात धरलेली रेघ, दुसरीकडे जाणार कुठं?

"मग आलू कुठायत?" धाकट्यांनी विचारलं.

"केले न्हाईत."

"तुझ्या घरी येऊन आलू न्हाईत? अक्का, ह्यो आजारी हाय काय?"

त्यानंतर काय धांदल उडाली म्हणता! जेवण थांबलं, पानं झाकली गेली. साहेब रुमाल शोधताहेत, अक्का हसून हसून डोळे पुसताहेत, मी गोवऱ्या आणतोय, आणि उमरग्याचा पाहुणा धोतर खोचून चुलीत फुंकर मारतोय! "तम्मा, धूर करायलास नुसता!" "तुझ्या गोवऱ्याच ओल्या हायत, मी काय करू?" परतीची मोटार भोंगा वाजवून निघून गेली. कोणी मान वळवून बघितलंही नाही. झाकणावर निखारे चढले तशी दोघांची बोलणीही मंदावली. कोहिनूरची चिंच, आईच्या हातचं ताक, मुलीचा होणारा नवरा. शेताचं नाव निघालं नाही. विहिरीचं तर नाहीच.

तिसऱ्या प्रहरी एकदाचे आलू पानात पडले. धाकट्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, एक बटाटा फोडला, वाफ जाऊ दिली, तोंडात टाकला. साहेब समोर बसले होते, श्वास धरून. आयुष्यात कुणाला सूतभर जागा न सोडलेला माणूस!

धाकटे सावकाश चावत होते. मग म्हणाले, "मीठ कमी पडलंय अण्णा."

मी डोळे मिटले. आता कढई उडणार!

"व्हय," साहेब हळूच म्हणाले, "कमीच हाय जरा. माझंच चुकलं." आणि मिठाची वाटी त्यांनी स्वतः भावाच्या पानाकडे सरकवली.

दोघांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून सांगायला हरकत नाही. त्याच कढईतले चार आलू माझ्याही पानात होते. मीठ अगदी बरोबर होतं.