मेहेर हालीत की कलदारात?

मंडळी, गावच्या हाटेलात बसला असाल तर चहा खाली ठेवा आणि हे पत्र कुणीतरी मोठ्यानं वाचा.

आज इथं भिवंडीत आपल्या गफूरचा निकाह झाला. नवऱ्यानं नवरीला द्यायची रक्कम, म्हंजे मेहेर, काजींनी विचारला, तर त्याचे चाचा सवयीनं बोलून गेले, "पाचशे, हाली!" निजामाचं राज्य गेलं, पण चाचांच्या तोंडातनं त्याचा रुपया काय जात न्हाय.

पडद्यामागून नवरीची खाला, म्हंजे मावशी, कडाडली, "सात हाली मोजले की सहाच सरकारी कलदार येतात. तुमचा पोरगाबी तेवढाच कमी धरू का?"

सगळे लई हसले. चाचा म्हणाले, "आमच्या घराण्याची रीत हाय."

"त्याच रीतीनं मला मेहेर मिळाला," खाला म्हणाली. "नवरा गेल्यावर शिलाई मशीन घ्यायला गेले, तर पैसे पुरले न्हाईत."

हसू थांबलं. गफूरनं तोंडावरचा फुलांचा सेहरा बाजूला केला. "चाचा, मला पगार कलदारात मिळतो. मेहेरबी कलदारातच लिहा."

काजींनी तसंच लिहिलं आणि आमच्या डोक्यांवर खारका उधळल्या.

माझ्या अम्मीचा मेहेरबी हालीतच ठरलेला हाय, आन तो अजून द्यायचा हाय. हे पत्र अब्बांना वाचून दाखवायची हिंमत तुमच्यात कुणाची?