केळीच्या पानावर काटा

अमेरिकेत येऊन मी कुठली कला मन लावून शिकलो असेन, तर काट्याने वरणभात खायची. ऑफिसात लोक बघतात म्हणून सुरुवात केली आणि मग सवयच जडली.

गेल्या उन्हाळ्यात रेडमंडमधल्या आमच्या फिलिपिनो शेजारणीने लेकीच्या ग्रॅज्युएशनची पार्टी ठेवली. जाऊन बघतो तर लांबलचक टेबलावर केळीची पानं अंथरलेली, मधोमध भाताची रास, कडेने मासे, वांगी, आंब्याच्या फोडी. ताटं नाहीतच. दोन्ही बाजूंनी पाहुणे उभे राहिले आणि एकाच राशीतून हाताने जेवायला लागले. बायकोने बांगड्या मागे सारल्या आणि तीही सुरू झाली.

मला मात्र आईचे उष्ट्या-खरकट्याचे नियम आठवले. शिवाय चारचौघांत बोटं चाटायची म्हणजे काय! मी शेजारणीला हळूच विचारलं, "एक काटा मिळेल का?"

कराओकेवर तार सप्तकात पोचलेला तिचा नवरासुद्धा क्षणभर थांबला. तिची म्हातारी आई लगबगीने आत गेली आणि काटा, प्लेट, नॅपकिन असा सगळा सरंजाम घेऊन आली. मग माझ्या पाठीवर हात फिरवत तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणाल्या?"

शेजारीण हसू दाबत म्हणाली, "म्हणतेय, लाजू नकोस बाळा. तुमच्याकडे हाताने जेवायची पद्धतच नाही, तर तुला येणार कुठून?"

समोर बायकोला जोरात ठसका लागला.