रिकामा खिळा

माझ्या भावाला मी माफ करणार नाही असं मी घरात सगळ्यांना ऐकवते, पण स्टूल मीच धरलं होतं. तेव्हा सांगायचंच तर माझ्यासकट सगळं सांगते.

माझा भाऊ प्रज्ञेश गायकवाड. वय वीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. आजोबा देगलूरकडून हैदराबादला आले, तेव्हापासून हेच आमचं गाव. पप्पा आबिड्सला एका ऑफिसात क्लार्क आहेत, मी एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, आणि आम्ही चौघं कुकटपल्लीत दोन खोल्यांत राहतो. बाहेरच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. आजोबांनी तो दीक्षाभूमीवरून आणलेला, सागवानी चौकटीचा. घराबाहेर पडताना आधी त्या फोटोपुढं हात जोडायचे आणि मग चपला घालायच्या, ही आमच्या घरची रीत. परीक्षेला उशीर झाला तरी पप्पा ती सोडू देत नसत.

पहिल्या वर्षी प्रज्ञेश कॉलेजात कुणाशी बोलतच नव्हता. वर्गातली पोरं तेलुगूत गप्पा मारणारी, शाळेपासून एकमेकांना ओळखणारी. हा आपला डबा घेऊन जिन्याखाली जाऊन बसायचा. मम्मीनं विचारलं, कुणासोबत जेवलास, की हा मनानंच दोन-चार नावं ठोकून द्यायचा. ती नावं दर आठवड्याला बदलायची, तेव्हा मला कळलं. घरी आला की पलंगावर आडवा होऊन मोबाईल बघत पडायचा, अंगानं सुटला, बोलायचा बंद झाला. एकदा मला म्हणाला, "ताई, मी कॉलेजला गेलो नाही तरी तिथं कुणाला कळणार नाही."

मीच हात धुऊन त्याच्या मागं लागले. म्हटलं, ग्राउंडवर जा, काहीतरी खेळ, हातपाय हालव. खेळात कुणी तुझी चौकशी करत बसत नाही. केवढी शहाणी मी.

तो व्हॉलीबॉल खेळायला लागला. सकाळी साडेपाचला उठायचा, घामाघूम होऊन परत यायचा, चार चपात्या खायचा. तीन महिन्यांत पोरगा ओळखू येईना. मुख्य म्हणजे त्याला दोस्त मिळाले. सौरभ, रितेश, तेजस, तिघंही मराठी घरांतले, आपसात बोलायचे मात्र हैदराबादी हिंदीत. डब्यात आता जास्तीची भाजी द्यावी लागायची. मम्मी ती आनंदानं करायची आणि त्या तीन पोरांना न बघताच त्यांच्या आवडीनिवडी सांगायची.

सौरभच्या वडिलांचं, प्रतापरावांचं, बेगम बाजारात मसाल्याचं दुकान. ते मूळचे बिदरकडचे, शेतीवाडीवाले. प्रज्ञेश पहिल्यांदा त्यांच्या घरी गेला तेव्हा त्यांनी आपल्या लोकांत पहिलं विचारतात तेच विचारलं. आडनाव काय, गाव कोणतं? गायकवाड, देगलूर, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आपलेच की." आणि त्याच्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढली. गायकवाड त्यांच्यातही असतात, आमच्यातही असतात. प्रज्ञेश गप्प बसून जेवला. घरी येऊन त्यानं मला हे हसत सांगितलं, आणि मीही हसले. सोड रे, म्हणाले, तुला कोण साक्षीला बोलवतंय.

त्यानंतर सकाळी ग्राउंडला जाताना तो बूट घालून सरळ बाहेर पडायला लागला. पप्पांनी दोन-तीनदा बघितलं आणि जाऊ दिलं.

जानेवारीत खेळताना त्याचा घोटा मुरगळला. पाय सुजून टम्म. रविवारी दुपारी सौरभचा फोन आला, "भाई, हम निकल गए, आधे घंटे में तेरे घर पे." प्रज्ञेशचं तोंड पांढरं पडलं. फोनचं ऐकून पप्पा बिस्किटं आणायला बाजारात गेले. तो लंगडत उठला आणि भिंतीकडं बघत राहिला. मग मला म्हणाला, "ताई, स्टूल धर."

मला नाही म्हणता आलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढं तो जिन्याखालचा डबा आला. मी स्टूल धरलं, त्यानं एका पायावर उभं राहून फोटो उतरवला, मी तो टॉवेलात गुंडाळून कपाटामागं सरकवला. मम्मी आतून भज्यांचा झारा हातात घेऊन दारात आली, आमच्याकडं बघितलं आणि परत आत गेली. त्या भज्यांत तिनं मीठ घातलं नव्हतं.

पोरं आली, चांगली हसतखेळत बसली. वाईट नव्हती हो, तेच तर दुखतं. रितेशनं संत्री आणली होती, तेजस सोलून प्रज्ञेशला भरवत होता. तेवढ्यात पप्पा आले. दारात चपला काढताना त्यांनी सवयीनं समोर बघितलं आणि तसेच थांबले. भिंतीवर चौकटीएवढा पांढरा तुकडा आणि वर खिळा. सौरभचंही लक्ष तिकडंच गेलं. त्यानं सहज विचारलं, "अंकल, यहाँ क्या था?"

प्रज्ञेश खाली बघत बसला. पप्पांनी बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवला.

"कॅलेंडर था बेटा," ते म्हणाले. "पुराना हो गया, निकाल दिए."

माझ्या बापानं आयुष्यात कधी ऑफिसातसुद्धा जात लपवली नव्हती. त्यापायी काय काय ऐकून घेतलं ते मम्मीला माहीत आहे. त्या माणसाला पोराची लाज झाकायला खोटं बोलावं लागलं, आणि ते पोरांना चहा ओतून देत होते. मला तेव्हाच ओरडायला पाहिजे होतं. मी कप उचलले.

फोटो पुन्हा लावू या म्हटलं, तर पप्पा म्हणाले, "ज्यानं काढला तो लावेल." प्रज्ञेश लावीना. न जाणो, पोरं परत आली तर. पप्पा रोज सकाळी त्या मोकळ्या भिंतीपुढं उभे राहून हात जोडायचे आणि ऑफिसला जायचे.

मार्चमध्ये प्रतापरावांनी देगलूरला कुणा हणमंतरावांना फोन लावला. सोयरीक निघते का बघत होते, पोरगं आवडलं होतं ना. हणमंतरावांनी सांगितलं, ते गायकवाड कोणते ते. पाच मिनिटांचं काम.

पुढच्या सोमवारी ग्राउंडवर टीम फुल होती. व्हॉट्सॲपचा ग्रुप मुका झाला, कारण नवा ग्रुप निघाला होता. प्रज्ञेशनं सौरभला गाठून विचारलं. तो म्हणाला, "पापा कू बुरा लगा यारो. जात की बात नै. तू बोला नै ना." जातीचं नाही म्हणे. मग ते 'आपलेच की' कशाचं होतं, हे त्या पोराला कुणी विचारावं? माझ्या तर डोक्यात तिडीक गेली. प्रज्ञेश मात्र आठ दिवस नुसता झोपून होता.

नवव्या दिवशी, पप्पा ऑफिसला निघायच्या वेळी, त्यानं कपाटामागून फोटो काढला. काच पुसली, स्टूल ओढलं आणि माझ्याकडं बघितलं. मी धरायला पुढं झाले. बरं वाटलं मला. वाटलं, संपलं एकदाचं.

पप्पांनी त्याच्या हातातून फोटो घेतला. चिडले नव्हते.

"आता ते येत नाहीत म्हणून लावतोयस," ते म्हणाले. "ते यायचे असतील त्या दिवशी लाव."

त्यांनी फोटो परत टॉवेलात गुंडाळून ठेवला, भिंतीला हात जोडले आणि चपला घातल्या.

याला आता चार महिने झाले. प्रज्ञेश डबा नेत नाही, कॅन्टीनमध्ये खातो म्हणतो. आमच्याकडं कुणी येत नाही.